गट मोठा झाला, पण शिकणं थांबलं. काय करावं?

मोसंबीबाग (घनसावंगी)

रामराम मंडळी. आमचा मोसंबीवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. अंबड, घनसावंगी, परतूर आणि थोडे पैठणकडचे शेतकरी. ओळखीपाळखीचे तीस-चाळीस जण होतो तेव्हा कुणी खोडावरच्या डिंक्याचा (साल फुटून डिंक गळतो तो रोग) फोटो टाकला की तासाभरात उत्तर यायचं. साल किती खरवडायची, बोर्डो मलम कसं करायचं (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी), आणि हे लोखंडाच्या भांड्यात करू नका, प्लॅस्टिकच्या बादलीत करा. दोन दिवसांनी तिसराच कुणीतरी मलम लावलेल्या आपल्या झाडांचा फोटो टाकायचा. म्हणजे विचारलं एकानं, शिकले दहा.

आता नऊशेच्या वर लोक आहेत. सकाळी उघडावं तर सुविचार, वाढदिवस, कुठल्यातरी टॉनिकची जाहिरात, पुढाऱ्यांचे व्हिडिओ. पावसाळ्यात फळगळीचा प्रश्न रोज येतो आणि रोज तेच अर्धवट उत्तर मिळतं. ज्यांच्या बागा वीस-वीस वर्षांच्या आहेत, ज्यांचं बघून आम्ही आंबे बहाराचा ताण द्यायला (फुलं यावीत म्हणून काही दिवस पाणी तोडायला) शिकलो, ती माणसं बोलायची बंद झालीत. एका काकांना मुद्दाम फोन केला. म्हणाले, "कुणाला सांगू? वाचतंय कोण?" हे मला फार लागलं.

गट तोडून लहान करावा का? फक्त अ‍ॅडमिनलाच लिहू द्यावं का? शेतीचाच नाही, शिकण्यासाठीचा कुठलाही गट ज्यांनी नेटानं चालवलाय त्यांनी सांगावं. बंद करायचा माझा अजिबात विचार नाही.

बालाघाटी (बीड)

फक्त अ‍ॅडमिन करून टाका. ही सोय २०१८ पासून आहे. आमचा कापसाचा गट तसाच चालतो. सकाळी हवामान, संध्याकाळी भाव. कटकट नाही.

सेलूचा मास्तर

बालाघाटी दादा, तुमच्या गटात भाव कळतो हे खरं, पण शेतकरी शेतकऱ्याशी बोलत नाही. मोसंबीबाग यांचं दुखणं नेमकं तेच आहे.

आमचा जिल्हा परिषद शिक्षकांचा तालुक्याचा गट आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा त्याला खरा जीव आला आणि शाळा उघडल्यावर तुमच्यासारखीच गत झाली, शासन निर्णयांच्या पीडीएफ आणि अभिनंदनं. त्यातून निघायला आम्ही एक केलं. आठवड्याला एकच घटक. समजा तिसरीची हातच्याची वजाबाकी. त्या आठवड्यात प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या वहीचा फोटो टाकायचा, मुलाचं नाव झाकून, आणि तोही चुकलेल्या गणिताचा. एका पोरीनं ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिलं होतं. त्यावर दोन दिवस चर्चा झाली. ती पोरगी हातचा विसरली नव्हती. तिनं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा केला होता, सातातून दोन आणि पाचातून दोन. म्हणजे तिला हातचा पुन्हा पाठ करून घेऊन उपयोग नाही. दशकाचा गठ्ठा सोडून सुट्ट्या काड्या करायला तिच्या हातात द्याव्या लागतात. ही गोष्ट एका बाईंनी ओळखली आणि चाळीस शाळांत पोचली.

शनिवारी एक जण आठवड्याचं सगळं एका पानात उतरवतो. पाळी ठरलेली आहे. ते पान नसतं तर सोमवारी सगळं वाहून गेलं असतं.

परभणीचा पोरगा

मास्तर, एक नंबर!

सुविचारवाले काका आमच्या घरातच आहेत, माझे सख्खे चुलते. पहाटे पाचला फूल आणि सूर्य हजर. त्यांना गटातून काढायची कुणाची छाती नव्हती. मग त्यांच्या अंगणात पर्जन्यमापक बसवलं आणि सांगितलं, काका, गावाची नोंद तुमच्याकडं. आता पहाटे "काल १८ मिमी" असा मेसेज येतो, खाली महिन्याची बेरीज. ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका असं विद्यापीठ सांगतं, पण आपल्या शिवारात किती झाला हे कोण सांगणार? आमच्याकडं काका सांगतात. फूल अजून टाकतात, पण आकड्याच्या खाली.

औसेकर आबा

पोरा, तुह्या काकाला माझा रामराम सांग.

२०२२ चा खरीप आठवतोय का कुणाला? लातूर, बीड, धाराशिव, सगळीकडं गोगलगायी. सोयाबीन वर आलं की रातीतून दोन पानं फस्त. लोकांनी दुबार पेरलं, तेबी गेलं. आमच्या गावचा गट तव्हा कामाला आला. एकट्यानं येचून काय होत न्हाई, शेजाऱ्याच्या बांधावरून परत येत्यात. गटात ठरलं, सांजच्याला समद्यांनी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून बांधाच्या कडंनं टाकायचं. सकाळी उन्हं यायच्या आत गोणपाट उलटायचं, खाली पेरू येचावं तशा गोळा करायच्या आन् मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. कुणी किती डबे भरले त्याचे फोटो. बांधाला चुन्याचा पट्टा. ज्यानं मेटाल्डिहाइडच्या (गोगलगायीच्या इखाच्या) गोळ्या टाकल्या त्यानं गटात सांगायचं, म्हंजी कुत्री-कोंबड्या कुणी तिकडं सोडणार न्हाई.

माझं म्हणणं एवढंच, गटाला काम पायजे. काम आसलं की बोलणं आपोआप कामाचं व्हतं.

बालाघाटी (बीड)

आबा, संकटात गाव एक होतं हे मान्य. पण संकट दरसाल येत नाही आणि मोसंबीवाले काही एका गावचे नाहीत. नऊशे माणसांना कोण काम देणार?

विद्यापीठ गेट (छत्रपती संभाजीनगर)

मोसंबीबाग दादा, "वाचतंय कोण" या काकांच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर आहे. माझा अभ्यासाचा विषयच हा आहे, म्हणून जरा लांबण लावते.

लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ साली एक ढोबळ प्रमाण मांडलं. आभासी समूहात शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ कधीमधी लिहितात आणि बहुतेक सगळं लिखाण एकाच माणसाचं असतं. म्हणजे तुमच्या नऊशेत नऊ जण गट ओढत असतील तर ते जगरहाटीला धरूनच आहे. त्यातले चार दमले की गट ओस वाटतो.

पण नव्वद टक्के गप्प आहेत म्हणजे शिकत नाहीत असं नव्हे. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये शिकण्याबद्दल जे लिहिलं त्यात लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण आहे. तिथं नवं पोरगं आलं की त्याला आधी कापड बेतायला देत नाहीत. बटणं लावणं, काठ दुमडणं इथून सुरुवात. मग शिवण. बेतणं सगळ्यात शेवटी, कारण कापड एकदा चुकीचं कापलं की गेलं. काठावर बसून ते पोरगं पूर्ण सदरा कसा होतो ते रोज बघत असतं.

तुमच्या गटात नव्या माणसाला बटण लावायचं काम कुठलं आहे? थेट "उपाय सांगा" किंवा "विचारा" एवढंच असेल तर तो गप्पच राहणार. त्याला म्हणा, तुझ्या बागेतल्या एका फांदीवरची फळं मोज आणि दर रविवारी किती राहिली ते सांग. हे कुणालाही जमतं. पन्नास जणांनी केलं तर फळगळ कधी वाढते, कुठल्या गावात वाढते, हे तुम्हाला दिसेल. आत्ता ते कुणाकडंच नाही.

परभणीचा पोरगा

ताई, हे भारी आहे. फक्त फांदीला सुतळी बांधायला सांगा, नाहीतर पुढच्या रविवारी वेगळीच फांदी मोजतील 😄

गोदातीर (नांदेड)

मी मराठी विकिपीडियावर लिहितो. तो १ मे २००३ ला सुरू झाला. तिथंही माणसं थोडी आणि काम डोंगराएवढं. तरी टिकलं, कारण तिथलं लिखाण साठतं. मी दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं वाक्य आज कुणी परतूरचा माणूस दुरुस्त करू शकतो, काय बदललं आणि कुणी बदललं ते इतिहासात दिसतं, आणि वाद झाला तर लेखाच्या चर्चा पानावर किंवा चावडीवर (सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर चांगलं उत्तर आणि सुविचार एकाच वेगानं वर सरकतात.

म्हणून गट कुठं आहे यापेक्षा उत्तरं कुठं ठेवली आहेत ते बघा. टेलिग्रामवर नव्या सभासदाला जुनी चर्चा दिसू शकते, तो एक फायदा. तेवढ्यासाठी सगळ्यांना उठवून तिकडं नेऊ नका, निम्मे वाटेत गळतील. गट आहे तिथंच राहू द्या. सगळ्यांना वाचता येईल अशी एक गुगल डॉकची फाईल करा. डिंक्या, फळगळ, रस शोषणारा पतंग, ताण, खुंट (ज्यावर मोसंबीचा डोळा बांधतात ते रोप), एकेका विषयाला एकेक पान. प्रत्येक उत्तराखाली ते कुणाच्या बागेतलं, कुठल्या जमिनीतलं, कुठल्या वर्षीचं हे लिहा. प्रश्न आला की दुवा द्या आणि विचारा, यात तुमच्याकडं काय वेगळं दिसतंय? म्हणजे तेच उत्तर परत लिहायचा कंटाळा जातो आणि उत्तर दरवर्षी सुधारत जातं.

वसमतची हळद

सगळे भाऊ बोलले, आता मी बोलते.

आमच्याकडं हळदीचा मोठा गट होता. मी होते त्यात. एकदा शिजवणीबद्दल लिहिलं आणि रात्री अनोळखी नंबरवरून फोन सुरू झाले. गटात नंबर सगळ्यांना दिसतो. मी बाहेर पडले, माझ्यासोबत आणखी चौघी. अ‍ॅडमिनला सांगितलं तर म्हणाले, ब्लॉक करा ना ताई. नऊशे लोकांच्या गटात बाया किती आहेत आणि त्यातल्या बोलतात किती, हे मोसंबीबाग यांनी आधी बघावं.

आम्ही मग बायांचा वेगळा गट केला, बचत गटांतून. निम्म्या जणींकडं स्वतःचा फोन नाही, पोराचा किंवा मालकाचा. म्हणून वेळ ठरवली, रात्री जेवणं उरकल्यावर अर्धा तास, तेव्हा फोन हातात मिळतो. लिहायचा आग्रह नाही, बोलून पाठवायचं. आमच्यात एक आजी आहेत, सही सुद्धा अंगठ्यानं करतात. त्यांनी हळद शिजली कशी ओळखायची ते बोलून सांगितलं. कढईतून एक गड्डा काढायचा, काडी टोचायची, लोण्यात गेल्यासारखी गेली की उतरवायची. काडी अडली तर कच्ची, आणि बोटानं दाबून लिबलिबीत झाली तर जास्त शिजली, मग रंग जातो. मागं चुलीचा आणि वाफेचा आवाज ऐकू येतो त्यात. आमच्या गटात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं तेच आहे.

लातूरची लेक

हळद ताईंना शंभर टक्के पाठिंबा.

आपल्या भागात हे नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावागावांतून बायांना संवाद सहायक म्हणून उभं केलं होतं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं ते काम केलं. भूकंपात टिकणारी भिंत कशी बांधायची, सरकारी मदत कशी मिळते, हे त्या शिकल्या आणि शेजारणींना शिकवू लागल्या. २००१ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडच्या बाया कच्छमध्ये तिथल्या बायांना सांगायला गेल्या. भाषा वेगळी, पण दोघींचीही घरं पडलेली. तेव्हा कुठला मोबाईल होता? एक बाई गावात जबाबदार होती आणि तिला विचारलं तर चालतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, यावर ते चाललं.

गटातही तसंच लागतं. प्रत्येक गावाचा एक माणूस किंवा बाई, जिला विचारायला संकोच वाटत नाही.

कृषी केंद्रवाला (माजलगाव)

मी दुकानदार आहे, आधीच सांगतो. प्रत्येक गटात आम्हाला जाहिरातवाले म्हणून बाहेर काढतात. काही जण तसे आहेत, नाही म्हणत नाही. पण दिवसभरात माझ्या काउंटरवर जितकी रोगट पानं येतात तितकी कुणाच्याच नजरेखालून जात नसतील. कुठली कीड कुठल्या गावातून सुरू झाली हे मला दोन दिवस आधी कळतं. ते सांगायला जागा द्या. विकायला बंदी घाला, माझी हरकत नाही.

मोसंबीबाग (घनसावंगी)

केंद्रवाले भाऊ, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण गटात औषधांचं प्रमाण कुणीही कसंही सांगतं त्याचं काय? "हे दोन मिसळून मारा, माझ्याकडं फरक पडला." २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. मला त्याची रात्री झोपताना भीती वाटते. उद्या काही झालं तर अ‍ॅडमिन म्हणून मीच अडकणार ना?

काळा कोट (धाराशिव)

कायद्यापुरतं बोलतो. सभासदानं आक्षेपार्ह काही टाकलं म्हणून आपोआप अ‍ॅडमिनवर गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे. दोघांचा मिळून ठरलेला बेत असेल तर गोष्ट वेगळी. ते प्रकरण आक्षेपार्ह मजकुराचं होतं, फवारणीच्या सल्ल्याचं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

पण कायदा बाजूला ठेवला तरी तुमची भीती योग्य आहे. प्रमाण सांगायचं तर डब्यावरच्या लेबलचा फोटो हवाच, असा नियम करा. फोटो नाही तर मेसेज काढायचा. २०२२ पासून अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो.

सेलूचा मास्तर

पुसायच्या आधी एकदा माणसाशी खासगीत बोला. चारचौघांत पुसलं की माणूस दुखावतो, आणि आपल्याकडं दुखावलेला माणूस सोबत पाच जण घेऊन जातो.

विद्यापीठ गेट (छत्रपती संभाजीनगर)

मास्तरांच्या बोलण्याला आधार आहे. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पाटाचं पाणी, मासेमारी, कुरणं अशा सामायिक गोष्टी लोक पिढ्यान्‌पिढ्या कशा सांभाळतात याचा त्यांनी अभ्यास केला. टिकलेल्या ठिकाणी नियम वापरणाऱ्यांनीच केलेले होते, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच होते आणि पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी होती. पुढं चुका वाढल्या की ती वाढत जायची.

म्हणून नियम एकट्यानं लिहून चिकटवू नका. गटात मतदान घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची सोय आहे.

बालाघाटी (बीड)

सगळं वाचलं. चांगलं आहे, पण एक विचारतो. फाईल कोण लिहिणार, मतदान कोण घेणार, खासगीत कोण बोलणार? ज्याला बाग सांभाळून हे करायचं आहे तो वर्षभरात मोडेल. म्हणून मी फक्त अ‍ॅडमिन म्हणालो होतो, आळस म्हणून नाही. आमच्या आधीच्या अ‍ॅडमिनचं तेच झालं. बिचारा रात्री बारापर्यंत भांडणं सोडवायचा, शेवटी एक दिवस गटातूनच निघून गेला.

जालनेकर

बालाघाटी बरोबर बोलले, या धाग्यातला सगळ्यात खरा मुद्दा आहे तो. हे काम आहे, आणि काम वाटून घ्यावं लागतं.

विजयअण्णा बोराडे यांनी जालन्यात कृषी विज्ञान मंडळाची मासिक चर्चासत्रं उभी केली ती आठवा. शेतकरी, शास्त्रज्ञ, प्रयोग केलेला माणूस एका खोलीत. महिन्याला एकदा, न चुकता. लोक तारीख धरून यायचे. मोबाईलवर चोवीस तास उघडं दुकान ठेवायची काही गरज नाही. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र, बदनापूरचं मोसंबी संशोधन केंद्र तुमच्या अंगणात आहे. तिथल्या तज्ज्ञाला गटात चोवीस तास बसवू नका. महिन्यातून एक संध्याकाळ मागा, प्रश्न आधी गोळा करून पाठवा. ते आनंदानं येतात, असा माझा अनुभव आहे.

आणि वर्षातून एकदा बागेत भेटा. ज्याच्या झाडाखाली बसून चहा प्यालो त्याला गटात कुणी वेडंवाकडं बोलत नाही.

मोसंबीबाग (घनसावंगी)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हा धागा परत परत वाचला, आमच्या गटातल्या पाच जणांना वाचायला दिला. काय ठरलं ते सांगतो, काही चुकत असेल तर बोला.

मोठा गट तसाच राहील, बोलायला सगळ्यांना मुभा. त्याच्या शेजारी तालुक्यावार छोटे गट, आणि सातही दिवस सात जणांना वाटून दिलेत. ज्याचा वार त्यानं त्या दिवशीचे प्रश्न बघायचे, बाकी सहा जणांनी निर्धास्त राहायचं. बालाघाटी दादा, हे तुमच्यामुळं.

प्रश्न विचारायचा तर झाडाचं वय, खुंट (रंगपूर लिंबू की जंबेरी), जमीन, पाणी कधी दिलं, आधी काय फवारलं, आणि तीन फोटो: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू. एवढं आलं की अर्धं उत्तर तिथंच मिळतं. प्रमाण लेबलच्या फोटोशिवाय नाही. यावर मतदान रविवारी.

हळद ताई, आमच्या नऊशेत बाया मोजल्या. सांगायला बरं वाटत नाही इतक्या कमी आहेत. बचत गटाच्या ताईंशी बोलणं झालंय, त्यांचा गट त्याच चालवतील, आम्ही फक्त फाईल सामायिक ठेवू.

ज्या काकांनी "वाचतंय कोण" म्हटलं होतं त्यांच्याकडं काल गेलो. त्यांना लिहायला सांगितलं नाही. ताण कसा देतात ते बागेत फिरत बोलले, मी रेकॉर्ड केलं. हलक्या जमिनीत किती दिवस, भारी जमिनीत किती, आणि पानं किती मलूल झाली की थांबायचं, प्रत्येक वेळी फांदी हातात धरून सांगत होते. आज गटात टाकलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्यासाठी चौदा प्रश्न आलेत, सगळे मुद्द्याचे.

वसमतची हळद

चांगलं केलंत. त्या ताईंना माझ्याशी बोलायचं असेल तर इथं निरोप द्या.

औसेकर आबा

झ्याक.

परभणीचा पोरगा

मोसंबीबाग दादा, तुमच्यात सोयाबीनवाले पण असतील ना? मे महिन्यात आम्ही घरच्या बियाण्याची उगवण चाचणी सगळे मिळून घेतो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सावलीत ठेवायचे, आठवड्यानं कोंब मोजून आकडा गटात. सत्तर किंवा जास्त आले तर नेहमीचं एकरी ३० किलो, कमी आले तर त्या हिशेबानं बियाणं वाढवायचं. मागच्या खेपेला फक्त परभणी-सेलूचे आकडे होते. घनसावंगी-परतूरचे आले तर तक्ता मी करतो. वाणाचं नाव मात्र नीट लिहायला सांगा, नुसतं "घरचं" लिहिलं तर रकान्यात काय भरू?

कृषी केंद्रवाला (माजलगाव)

माजलगावचे आकडे माझ्याकडं. काउंटरवरच गोणपाट ठेवतो.